इंजिनाचं ओपनिंग बुक: चालू ठेवावं की बंद?

२०२५च्या नोव्हेंबरात इथे गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक रंगला, तेव्हापासून फोंड्यातले ओळखीचे पालक मला हेच विचारतात: मुलं लॅपटॉपवर सराव करतात, तेव्हा इंजिनाचं ओपनिंग बुक चालू असावं की बंद?

इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, आणि ओपनिंग बुक म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, आधी खेळल्या गेलेल्या चालींचा साठा. तो पुरतो तोवर यंत्र विचार करत नाही, साठ्यातली चाल उचलतं आणि खेळतं.

चालू असलेलं बुक काय करू शकतं, ते ११ मे १९९७ला दिसलं. आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाच्या बुकात पटावरच्या सुमारे ४,००० स्थिती होत्या, त्यांतल्या बहुतेक ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांनी बसवलेल्या. पाठीशी ७ लाख डावांचा संच. सामन्याच्या सहाव्या, शेवटच्या डावात जगज्जेता कास्पारोव्ह काळ्या मोहऱ्यांनी कारो-कान ही ओपनिंग खेळला, सातव्या चालीला त्याने प्यादं एच-६ या घरात सारलं, आणि यंत्राने ई-६वर घोड्याचा बळी दिला. ती चाल बुकातली होती! १९ चालींत डाव संपला, सामना ३.५-२.५ने गेला. त्या डावात कास्पारोव्हला यंत्राच्या बुद्धीइतकंच माणसांच्या साठवलेल्या अनुभवाने हरवलं, असं मी मानतो. २००६ला बॉनमध्ये तर डीप फ्रिट्झ हे इंजिन बुकात असेपर्यंत तेव्हाचा जगज्जेता क्रामनिक याला त्याचा पडदा बघायची मुभा होती. तरी तो ४-२ने हरला.

बुकाशिवाय? अल्फाझीरो या प्रोग्रामला २०१७मध्ये फक्त नियम दिले होते, बाकी तो स्वतःशी खेळून शिकला. स्टॉकफिश या तगड्या इंजिनाशी १०० डावांत तो २८ जिंकला, ७२ बरोबरीत सुटले, एकही हरला नाही. म्हणजे बुक काढलं म्हणून आजचं यंत्र मुलांसाठी सोपं होत नाही. बघायचं ते मूल काय शिकतं.

माझी भाची सातवीत आहे. बुक चालू होतं तेव्हा बारा चाली मिनिटभरात झाल्या, तेराव्याला हात पटावरच थांबला. "हा उंट इथे का आणलास?" तर म्हणते, "तसंच असतं, मामा." दुसऱ्या दिवशी बुक बंद केलं. सहाव्या चालीलाच यंत्र अनोळखी वाटेने गेलं. ती हनुवटीला मुठी टेकवून किती तरी वेळ बसली, मग म्हणाली, "याने मधली घरं सोडली, मी घेते," आणि प्यादं पुढे सारलं. डाव हरली, पण प्रत्येक चालीचं कारण तिला सांगता आलं. मला फार बरं वाटलं.

म्हणून १६०० रेटिंगपर्यंत (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) मी बुक बंदच सुचवतो. स्पर्धेच्या आधीचा आठवडा तेवढा वेगळा: तेव्हा प्रतिस्पर्धी काय खेळतो ते खेळल्या गेलेल्या डावांच्या डेटाबेसमध्ये बघा. लिचेस या वेबसाइटवर तो फुकट मिळतो, महागडा संच घेऊ नका. बुक बंद असताना एक अडचण येते, यंत्र पुन्हा पुन्हा तीच ओपनिंग काढतं. अशा वेळी पहिल्या तीन-चार चाली दोन्ही बाजूंनी मुलानेच हाताने खेळायच्या, आणि तिथून डाव सुरू करायचा.