पडवी की चौक? नव्या बंगल्यासाठी जुन्या घरांतून काय घ्यावे

जुन्या घरांकडून शिकून नवे घर बांधायचे ठरवले की पश्चिम महाराष्ट्रात बहुधा दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात: पेठांतल्या वाड्याचा चौक आणि कोकणातल्या घराची पडवी. जागा आणि पैसा मुबलक असेल तर दोन्ही घेता येतात. गोव्यातल्या मोठ्या जुन्या घरांत राजांगणही असते आणि दर्शनी ओसरीही. दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर मात्र एकच गोष्ट नीट साधते. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या वाटेवर घर बांधताना आमच्यापुढे हाच प्रश्न होता आणि आम्ही पडवी निवडली. तरीही चौकाची बाजू आधी मांडतो, कारण ती हलकी नाही.

चौकाचे खरे काम रात्री चालते. निरभ्र रात्री त्याची फरशी आणि भिंती दिवसभराची उष्णता उघड्या आकाशाकडे टाकून देतात, गार झालेली जड हवा तळाशी साठते आणि दुसऱ्या दिवशी बराच वेळ भोवतालच्या खोल्यांना पुरते. घाटमाथ्याच्या पूर्वेला उन्हाळ्यात दिवस तापला तरी रात्र चांगली उतरते, म्हणून तिथे हे जमते. कोकणात हवा दमट, रात्रीचा उतार थोडा. तिथे सावली आणि वारा यांवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय चौकामुळे घराच्या मध्यभागी जो उजेड येतो, तो पडवीच्या घराला कधीच मिळत नाही. आमच्या माजघरात पावसाळ्यात भर दुपारी दिवा लावावा लागतो, हे मान्य केले पाहिजे. आकाशाला उघडा चौक साधारणपणे चटईक्षेत्रात धरला जात नाही, छपराखालची पडवी बहुधा धरली जाते. हा हिशेब आपल्या वास्तुविशारदाकडून आधीच करून घ्यावा.

तरी चौक कोणत्या घरासाठी जन्मला हे विसरता येत नाही. पेठेतल्या वाड्याला दोन्ही अंगांना शेजाऱ्याच्या भिंती असत, त्यामुळे उजेड आणि वारा आत घ्यायला चौकाखेरीज फारशी वाटच नसे. बंगल्याला चारही बाजूंना मोकळी जागा सोडावीच लागते, म्हणजे ती गरज मुळातच उरत नाही. वाड्याच्या उंच भिंती चौकाला सावली देत; एकमजली घराच्या दहा फुटी भिंतींना ते झेपत नाही. पुण्यात मेच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवसांत, सूर्य दुपारी नेमका माथ्यावर असतो आणि असा बुटका चौक कित्येक तास तापत राहतो. मग लोक त्यावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकतात. आमच्या एका नातेवाइकांनी पावसाला आणि पालापाचोळ्याला कंटाळून तसे केले. हवा निघायला वर हातभर फटसुद्धा ठेवली नाही. आता त्या चौकात एप्रिलमध्ये दुपारी उभे राहवत नाही, आणि भोवतालच्या खोल्या आमच्या खोल्यांपेक्षा स्पष्टपणे गरम लागतात. मी तापमापक लावलेला नाही. अंगाला जाणवते ते सांगतो.

माझ्यापुरता निर्णय मात्र उन्हाने नव्हे, पावसाने केला. पूर्वीच्या भाड्याच्या घराला पश्चिमेकडे वीतभर छज्जा होता आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. नैऋत्येकडून झड आली की आधी खालची पन्हळ भरे, तिथली बारीक छिद्रे मातीने बुजलेली असत, आणि मग पाणी आतल्या कडेवरून भिंतीवर उतरे. पिळलेले फडके पन्हळीत खुपसून खिडकी बंद ठेवायची, हा जुलै-ऑगस्टचा नेम होता. बाहेर गार वारा वाहत असताना आत कोंदट बसायचे; कपड्यांना कुबट वास, कपाटाच्या मागच्या फळीवर पांढरी बुरशी. पावसात खिडकी उघडी ठेवता येत नसेल तर या पट्ट्यात चार महिने घराला श्वासच नसतो. चौक या त्रासावर काही करत नाही, कारण बाहेरच्या भिंती उघड्याच राहतात. पडवी नेमके तेवढेच करते. पश्चिमेच्या खिडक्या आता आम्ही पावसाळ्यातही उघड्या ठेवतो. अगदी जोराची झड आली तरच घटकाभर लावतो. वाळत घातलेले कपडेही पडवीत राहतात.

योगायोग असा की इथे त्रासदायक ऊन आणि झड दोन्ही पश्चिमेच्याच अंगाने येतात. त्यामुळे एकाच बाजूची पडवी दोन्ही कामे करते आणि घराला चहूकडून पडवीने वेढून खर्च वाढवावा लागत नाही. दक्षिणेला तर मी ती मुद्दाम टाळा असेच म्हणेन: उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने तिथे दोन फुटांची वळचण पुरते, आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलला की त्याचे हवेसे ऊन खोलीत येऊ द्यावे.

प्लॉट अरुंद असेल आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती येणार असतील, तर चौकच घ्यावा; तो उघडा ठेवण्याची तयारी मात्र हवी. इतरांनी पडवीचा विचार आधी करावा, असे मला वाटते. आमची पडवी सात फूट खोल आहे आणि तिची वळचणही जमिनीपासून सातच फूट उंच आहे, म्हणून एप्रिलमध्ये साडेचारपर्यंत ऊन खिडकीच्या काठाखालीच राहते. त्यानंतर बांबूची चिक सोडावी लागते. घर दर्शनी दिसावे म्हणून ठेकेदार वळचण दहा फुटांवर नेण्याचा आग्रह धरतात. तेवढे मात्र मान्य करू नये, कारण तेवढ्या उंचीवरून ऊन आणि झड दोन्ही थेट खिडकीवर येतात.