जेरी लीबरचे शब्द: सहा महिने ऐकल्यावर

कोस्टर्स या अमेरिकी गायकगटाच्या गाण्यांचा, रायनो कंपनीचा '५० कोस्टिन क्लासिक्स' (१९९२) हा दोन सीडींचा संच सहा महिने वाजवल्यावर एक गोष्ट पक्की होते: लीबर गाणी कमी आणि पात्रं जास्त लिहायचा. चाली माइक स्टोलरच्या. १९५०मध्ये लॉस एंजेलिसला ही जोडी जमली तेव्हा दोघंही १७ वर्षांचे होते.

सुरुवात 'रायट इन सेल ब्लॉक नंबर नाइन'ने करावी (१९५४; गट रॉबिन्स, त्यातलेच दोघं पुढे कोस्टर्समध्ये गेले). आधी सायरन, मग रिचर्ड बेरीच्या खर्जात एक कैदी थेट तारीख सांगतो, २ जुलै १९५३. जबानीच जणू. 'सर्चिन'मध्ये (१९५७) प्रियकर शेरलॉक होम्स, चार्ली चॅन, सॅम स्पेड यांची नावं घेत मुलीचा माग काढतो. हे गुप्तहेर कोण ते माहीत नसेल तर निम्मी गंमत जाते.

पण खरी करामत 'याकेटी याक'मध्ये (१९५८). कचरा टाक, नाहीतर खर्चाला पैसे मिळणार नाहीत! हुकूम आईबापांचे, गाणारी पोरं, म्हणजे सगळी नक्कलच. कडव्याच्या शेवटी डब जोन्सचा खर्ज एकदाच दटावतो. पोराला उलट बोलायला शब्दच दिलेले नाहीत. ते काम किंग कर्टिसचा सॅक्सोफोन करतो. सगळं दोन मिनिटांच्या आत.

संच कोस्टर्सचा, त्यामुळे लीबर-स्टोलरचंच 'हाउंड डॉग' यात नाही. ते वेगळं मिळवा, आणि आधी बिग मामा थॉर्नटनचंच ऐका (ध्वनिमुद्रण १९५२). तिथे एक बाई फुकट्या पुरुषाला घराबाहेर काढते. एल्विस प्रेस्लीने १९५६मध्ये लास व्हेगासमधल्या फ्रेडी बेलच्या गटाचे बदललेले शब्द उचलले. 'तू कधी ससाही पकडला नाहीस' ही ओळ लीबरची नाही. बाई गेली, कुत्रा उरला. लीबरला ते कधीच रुचलं नाही.

खरेदी करताना एक फसगत टाळा. कोस्टर्सनी जुनी गाणी पुढे पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि स्वस्त संकलनांत बऱ्याचदा तीच असतात. मूळ वर्ष आणि 'अ‍ॅटको' या कोस्टर्सच्या मूळ कंपनीचा उल्लेख नसेल तर सोडून द्या.

जुन्या ४५ फेऱ्यांच्या (मिनिटाला) तबकड्या घेणार असाल, तर मधलं भोक दीड इंची असतं, अडॅप्टर लागतो. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं (एकाच वाहिनीच्या आवाजाचं) बटण असेल तर ते दाबा. मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. सुईच्या उभ्या हालचालीतून येते ती नुसती खरखर, आणि दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की ती कटते. कडव्यांतले शब्द मग कितीतरी स्वच्छ लागतात.