परदेशवारीला गाईडबुक कुठलं घ्यावं? माझं मत

सगळे आधी कंपनी कुठली ते विचारतात, मी आधी कॉपीराईटचं पान उघडते, आवृत्ती कुठल्या वर्षीची ते तिथे कळतं. पुस्तक या वर्षी छापलं म्हणजे माहिती या वर्षीची असं नसतं हो, लेखक फिरून येणार, मग एडिटिंग, मग छपाई, त्यात वर्ष सहज जातं. म्हणून आवृत्ती जुनी असली की हॉटेलं, तिकिटांचे दर, बसच्या वेळा यांवर विश्वास ठेवायचा नाही, पण इतिहास आणि कुठला भाग राहायला बरा हे बऱ्यापैकी टिकतं.

आता कंपन्या. लोनली प्लॅनेट 1973 पासून आहे, आणि सगळं आपलं आपण ठरवून बस-ट्रेननं फिरणार असाल तर अजूनही तेच बरं पडतं. रफ गाईड्सची सुरुवात 1982 मध्ये ग्रीसच्या पुस्तकानं झाली, इतिहास-राजकारण वाचायची आवड असेल तर ते घ्या. डीके आयविटनेस दिसायला एक नंबर, राजवाडे नि चर्च आतून कापून दाखवल्यासारखी चित्रं, म्युझियमचे मजल्यांप्रमाणे नकाशे, पण जुन्या आवृत्त्यांचा कागद गुळगुळीत, त्यामुळे पुस्तक जड, दिवसभर पाठीवर घेऊन फिरा म्हणजे कळेल! रिक स्टीव्ह्ज या अमेरिकन लेखकाची पुस्तकं म्हणजे युरोप, आणि तिथलीही मुद्दाम निवडलेली मोजकीच ठिकाणं, त्यामुळे तुमचं गाव त्यात नसू शकतं, पण लूव्रसारख्या अवाढव्य म्युझियममध्ये आधी काय बघायचं हे हात धरून सांगितल्यासारखं सांगतो. कमी लोक जातात अशा देशांसाठी ब्रॅड्ट बघा.

घ्यायच्या आधी एक करा, ज्या दोन पुस्तकांतून एक निवडायचंय, त्या दोन्हींत स्वतः पाहिलेल्या एखाद्या शहराचं पान काढून वाचा. एकात सगळंच 'अप्रतिम' आणि दुसऱ्यात 'वेळ कमी असेल तर हे सोडा' असं लिहिलेलं असेल तर दुसरं उचला, काय सोडायचं ते सांगायला तिथे जाऊन आलेला माणूसच लागतो.

ई-बुक स्वस्त आणि हलकं, शोधायलाही सोपं, पण छोट्या रीडरवर नकाशे वाचता येत नाहीत, झूम करून डोळे दुखतात नुसते. आणि एकाच देशात जाणार असाल तर अख्ख्या खंडाचं जाडजूड पुस्तक नकोच, प्रत्येक देशाला चार पानं येतात आणि ती सगळी राजधानीतच संपतात.