अँकी: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी रोज वापरलेले उजळणीचे अ‍ॅप

बारावीपर्यंत माझ्या अभ्यासाची पद्धत एकच होती: धडा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर फिरवायचा आणि परीक्षेच्या आधी तीच पाने पुन्हा वाचायची. एमबीबीएसला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री एकदम अंगावर आल्यावर ही पद्धत पहिल्याच इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, उघडी पडली. पान ओळखीचे वाटणे आणि उत्तर आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलासमोर उभे राहिल्यावर कळले. त्याच आठवड्यात वसतिगृहातल्या एका सीनियर ताईने अँकी सुचवले आणि तेव्हापासून, एक मोठा खंड वगळता, मी ते रोज वापरत आले आहे.

'अँकी' हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ पाठांतर असा होतो. डेमियन एल्म्स यांनी हे अ‍ॅप २००६ मध्ये आणले. पडद्यावर एकेका कार्डाच्या रूपात प्रश्न येतो, आपण मनात उत्तर द्यायचे, मग उत्तर उघडून ते कितपत आठवले हे चारपैकी एका बटणाने सांगायचे. त्यावरून ते कार्ड पुन्हा दहा मिनिटांनी दाखवायचे, चार दिवसांनी की दोन महिन्यांनी, हे अ‍ॅप ठरवते. शिकलेले आपण सुरुवातीला भराभर विसरतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून मांडले होते. विसरण्याच्या बेतात असताना आठवायला लावणे हे अँकीचे सारे मर्म आहे. २०२३ पासून त्यात 'एफएसआरएस' नावाची नवी गणनपद्धती आली असून ती आपल्या स्वतःच्या उत्तरांवरून दोन उजळण्यांमधले अंतर ठरवते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती अवश्य सुरू करावी.

खरा अभ्यास मात्र कार्ड तयार करताना होतो. मनगटाच्या आठ हाडांची नावे क्रमाने सांगा, असे एकच कार्ड मी सुरुवातीला केले होते आणि दर वेळी ट्रॅपेझियम व ट्रॅपेझॉइड यांच्यात अडखळत होते. आठव्यांदा चुकल्यावर अँकीने त्या कार्डावर 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण करून ते बाजूला काढले. वेळ शोषून घेणाऱ्या कार्डासाठी याहून नेमका शब्द सापडणार नाही. मग मी हाताच्या एक्स-रेचे चित्र घेऊन प्रत्येक हाड झाकले आणि आठ वेगळी कार्डे केली. अंगठ्याच्या मुळाशी ट्रॅपेझियम असते हे त्यानंतर कधीही चुकले नाही. तसेच हातातल्या एका मज्जातंतूबद्दल 'रेडियल नर्व्हवर टीप लिहा' असे कार्ड करण्याऐवजी 'ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मधल्या भागाचे फ्रॅक्चर झाल्यास कोणती नर्व्ह दुखावते आणि रुग्णाला काय करता येत नाही?' असे विचारले की उत्तर दोन ओळींत संपते आणि मनगट वर उचलता न येणारा रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहतो. दुसऱ्यांनी तयार केलेल्या हजारो कार्डांचे संच फुकट मिळतात, पण न समजलेली कार्डे घोकणे ही जुनी घोकंपट्टीच आहे.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर अँकी विनामूल्य आहे, आयफोनवरचे अ‍ॅप मात्र विकत घ्यावे लागते. माझी रूममेट ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून तेवढाच अभ्यास फुकटात करते. मिळत्याजुळत्या नावांची इतरही अ‍ॅप्स आहेत, तेव्हा डाउनलोड करताना नाव नीट पाहावे. रूप रुक्ष आहे आणि सेटिंग्जची भाषा नवख्या माणसाला बोजड वाटते. देवनागरीतली कार्डे मात्र व्यवस्थित दिसतात.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब रोजच्या शिस्तीची आहे. आमच्या आजीच्या घरी दिवेलागणीला परवचा म्हटला जाई आणि त्यातून पाढे पाठ होत, ते रोज म्हटल्यामुळे; अँकीही नेमके तेवढेच मागते. मूळ सेटिंगप्रमाणे दिवसाला वीस नवी कार्डे येतात आणि पहिल्या आठवड्यात ती थोडी वाटतात, पण प्रत्येक नव्या कार्डाची उजळणी पुढच्या दिवसांवर चढत जाते, म्हणूनच अनेकांच्या बाबतीत हे नव्याचे नऊ दिवस ठरते. मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी दहा दिवस गावी गेले आणि परतल्यावर साडेनऊशे कार्डे साचलेली पाहून अ‍ॅप काढून टाकावेसे वाटले. तसे न करता मी नवी कार्डे शून्यावर आणली, रोज अडीचशे कार्डांची मर्यादा घातली, आणि आठवडाभरात ढीग उपसला गेला. कुठेही जाताना फोनवर रोज निदान पंधरा मिनिटे उजळणी करावी, हे मी तेव्हापासून पाळते.

आता दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीचा नवा संच सुरू केला आहे. दिवसाला आठच नवी कार्डे ठेवली आहेत, आणि ती सकाळी मेसमध्ये चहा येईपर्यंत बघून होतात.