रबरी टायर-ट्रॅक रंगवायला इनॅमल की ॲक्रिलिक?

स्केल मॉडेलच्या किटमधले टायर किंवा टँकचे ट्रॅक (चाकांवरचे पट्टे), आपण रबर म्हणतो पण बऱ्याचदा ते मऊ व्हिनाइल असतं, आणि खरी गोची तिथेच आहे. इनॅमल, म्हणजे थिनरवाला रंग, कडक प्लास्टिकवर झकास बसतो, पण व्हिनाइल मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर हळूहळू वर येतं आणि रंग कितीही दिवस ठेवा, चिकटच राहू शकतो, मग धूळ, केस, बोटांचे ठसे सगळं त्यावर!

पाण्याचा ॲक्रिलिक पटकन सुकतो, थोडाफार वाकतोही, म्हणून माझं मत त्यालाच. फक्त आधी भांड्याच्या साबणाने धुवा आणि पातळ पातळ कोट मारा, जाड थर दिला की ट्रॅक वाकवताना पापुद्रे निघतात. इनॅमल हवाच असेल तर ॲक्रिलिकवर हलका वॉश (खूप पातळ केलेल्या रंगाचा हात) म्हणून, बस.