सोंग कोणाचं वठलं? ‘गॉथम बाय गॅसलाइट’ की ‘१६०२’

बहुरूपी फौजदार होऊन दारात उभा राहिला आणि क्षणभर का होईना आपल्या पोटात गोळा आला, तर सोंग वठलं. नाही तर नुसतीच खाकी विजार. बॅटमॅन, स्पायडरमॅन अशी ओळखीची मंडळी उचलून जुन्या काळात नेऊन ठेवणाऱ्या कॉमिक्सनाही मी हीच फूटपट्टी लावतो. या प्रकाराची चव घ्यायची म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीचं ‘गॉथम बाय गॅसलाइट’ (१९८९) आणि तिची प्रतिस्पर्धी मार्व्हल हिचं ‘१६०२’ (२००३). खिशाला एकच परवडत असेल तर आधी कोणतं घ्यावं?

‘गॅसलाइट’ आहे पन्नासएक पानांचं, जेवणानंतर घेऊन बसलात तर झोपेआधी संपेल. कथा ब्रायन ऑगस्टिनची, रेखाटन माइक मिग्नोलाचं, त्यावर शाई पी. क्रेग रसेलची. साल १८८९. युरोपात शिकून ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, घरी गॉथम शहरात परततो. वाटेत मनोविश्लेषणवाल्या सिगमंड फ्रॉइडशी त्याची गाठ पडलेली आहे. आदल्याच वर्षी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून पाडून नाहीसा झालेला जॅक द रिपर याच सुमाराला गॉथममध्ये उगवतो. खून रात्री होतात, वटवाघळाच्या वेषातला माणूसही रात्रीच फिरतो. पुढे खुनाचा आळ खुद्द ब्रूसवर येतो आणि फाशी डोक्यावर टांगलेली असताना कोठडीत बसून त्याला खरा खुनी शोधावा लागतो.

हे सोंग पहिल्या पानापासून वठतं, पण त्यासाठी कुणाला फारसे कष्ट पडलेले नाहीत. पोरका श्रीमंत मुलगा, भकास वाडा, इमानी नोकर, काळा झगा, वेड्यांचं इस्पितळ... बॅटमॅन मुळातच एकोणिसाव्या शतकात शोभेल असा गडी. त्याला तिथे नेणं म्हणजे माहेरी पोचवण्यासारखंच. रहस्यही बेताचं आहे. चार रहस्यकथा वाचलेल्या माणसाला खुनी अर्ध्या वाटेवरच कळेल.

तरीही हे पुस्तक मी पुन्हा पुन्हा काढतो, ते चित्रांसाठी. उंच कॉलरचा झगा, टाके घालून शिवल्यासारखा मुखवटा, गॅसच्या दिव्यांचा आजारी उजेड. मिग्नोलाचं गाजलेलं कॉमिक ‘हेलबॉय’ यायला अजून चार वर्षं होती. सावल्यांचे ते सुप्रसिद्ध काळे ठोकळे इथे नुकते आकार घेताहेत आणि रसेलच्या बारीक रेषेने त्यांना थोडं मवाळ केलंय. बॅटमॅनचा हाडवैरी जोकरही आहे, पण जेमतेम. स्ट्रिक्नीन नावाचं विष पिऊन मरायला गेला, मेला नाही, चेहऱ्यावर हसू तेवढं कायमचं गोठलं. एवढ्यातच त्याला आटोपलंय, आणि तेच बरं.

‘१६०२’ची तऱ्हा वेगळी. आठ अंक, लेखक नील गेमन, चित्रकार अँडी क्यूबर्ट. इंग्लंडात एलिझाबेथ राणीचं शेवट शेवटचं राज्य. (इकडे त्या साली अकबर गादीवर होता, अहमदनगरचा किल्ला पडून दोन वर्षं झाली होती आणि मलिक अंबर निजामशाही सावरत होता.) मार्व्हलची ओळखीची पात्रं इथे नव्या वेषात भेटतात: निक फ्यूरी राणीचा हेरप्रमुख झालाय, डॉक्टर स्ट्रेंज राजवैद्य. डेअरडेव्हिल हा आंधळा शाहीर. गाणी म्हणत फिरतो आणि गुपचूप हेरगिरी करतो. पीटर (म्हणजे आपला स्पायडरमॅन) नावाच्या पोऱ्याला कोळी-किड्यांचं भारी कौतुक, पण ज्याने तो स्पायडरमॅन होतो तो चावण्याचा प्रसंग दर वेळी थोडक्यात हुकतो. हा विनोद गेमनने आठ अंक ताणलाय आणि मला तरी तो दर वेळी आवडला.

इथे जुना काळ कपड्यांपुरता उरत नाही. एक्स-मेन या टोळीतल्या म्यूटंट, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या, पोरांना या जगात चेटक्यांची अवलाद समजतात, आणि स्पेनमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, त्यांना जाळतं. गोव्याच्या वाचकाला तर ते वेगळं सांगायला नको, तिथे ते १५६० पासून होतं. राणीचा या पोरांना थोडाफार आसरा आहे, पण तिच्यानंतर येणार स्कॉटलंडचा जेम्स. खऱ्या जेम्सने १५९७ मध्ये चेटूकविद्येवर आख्खं पुस्तक लिहिलं होतं, हे लक्षात ठेवून वाचलंत तर राणीचा प्रत्येक खोकला जिवाला घोर लावतो. इतिहासातली राणी १६०३ च्या मार्चमध्ये गेली. गेमनने तो मुहूर्त आपल्या सोयीने हलवलाय. अमेरिकेत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल, १५८७ ची व्हर्जिनिया डेअर, हीसुद्धा इथे आहे. ती ज्या वसाहतीत जन्मली ती खऱ्या इतिहासात माणसांसकट गायब झाली. कथेत ती वसाहत तगते, आणि पुढचा सगळा डोलारा या एका ‘जर’वर उभा आहे.

बांधणीची सुरुवात २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतरची. विमानं, बाँब, उंच इमारती नकोतच, असं गेमनने ठरवलं आणि तो चारशे वर्षं मागे गेला. क्यूबर्टच्या पेन्सिलीवर शाई न फिरवता रिचर्ड इसानोव्हने थेट रंग चढवलेत. चेहरे त्यामुळे मऊ दिसतात, काही पानांवर जरा मेणचटच.

दोष आहेत. हे वीर चारशे वर्षं आधी जन्मलेच कसे, याचं कारण ‘१६०२’ शोधतं. ‘गॅसलाइट’ त्या भानगडीत पडतच नाही. पण तेच कारण शेवटचे दोन अंक गिळून टाकतं आणि मधे जमून आलेलं राजकारण मागे पडतं. शिवाय पात्रांची गर्दी. मार्व्हलची पंधरा-वीस मंडळी ओळखीची नसतील तर अर्धी गंमत डोक्यावरून जाते, कारण ‘हा तर अमुक!’ असं ओळखण्यातच निम्मा आनंद आहे.

सोंग जास्त वठलं ते ‘१६०२’चं, याबद्दल मला शंका नाही. पण बॅटमॅन फक्त सिनेमातून माहीत असेल, किंवा कॉमिक हातात घेण्याचीच पहिली वेळ असेल, तर ‘गॅसलाइट’ घ्या. एक्स-मेनची भांडणं तोंडपाठ असतील किंवा इतिहासाच्या पुस्तकात तळटिपा वाचायची खोड असेल, तर सरळ ‘१६०२’.

दोन्हींच्या पुढच्या भागांसाठी घाई नको. ‘गॅसलाइट’चा १९९१ चा दुसरा भाग मिग्नोलाने काढलेला नाही, आणि ‘१६०२’चे पुढचे भाग गेमनने लिहिलेले नाहीत. ‘गॅसलाइट’वरचा २०१८ चा ॲनिमेशनपट आधीच पाहून बसला असाल तरी पुस्तक बिनधास्त घ्या. त्यातला खुनी वेगळा आहे.