एसक्यूलाइट की पोस्टग्रेस? नव्या कामाच्या पहिल्या आठवड्यातला प्रश्न

नवं ॲप्लिकेशन लिहायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच डेटाबेसचा प्रश्न येतो, आणि बहुतेक टीममध्ये त्यावर पाच मिनिटंही बोलणं होत नाही. कुणीतरी म्हणतं 'पोस्टग्रेस लावू', बाकीचे माना डोलावतात आणि काम पुढे सरकतं. मीही कित्येक वर्षं असंच केलं. नंतर मात्र पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट हे दोन्ही डेटाबेस खऱ्या वापरकर्त्यांसाठी चालवले, दोन्हींनी मला रात्री झोपेतून उठवलं, आणि आता माझं मत बरंच पक्कं झालंय. 'जास्त ताकदवान कोणता' असं विचारलंत तर निवड चुकते. विचारायचं एवढंच: त्यात लिहिणारी यंत्रं किती, आणि तो सांभाळणारा माणूस कोण?

मायएसक्यूएल आणि बाकीची मंडळी इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. सर्व्हर हवाच असं ठरलं की मग तो वाद सुरू होतो. मला त्याच्या आधीच्या पायरीवर बोलायचंय.

फाइल आणि सर्व्हर

एसक्यूलाइट ही लायब्ररी आहे. ती तुमच्या प्रोग्रामच्या पोटातच चालते आणि सगळा डेटा डिस्कवरच्या एका फाइलीत ठेवते. पोर्ट नाही, पासवर्ड नाही, वेगळी प्रोसेस नाही. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली ती का लिहिली, हे कळलं की तिचा स्वभावही कळतो. ते अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांच्या प्रोग्रामला काहीच करता येत नसे, आणि एररची चौकट त्यांच्या प्रोग्रामने दाखवलेली असल्यामुळे बोल त्यांनाच लागे. मग सर्व्हरच नको, सरळ डिस्कवरून वाचू, असं त्यांनी ठरवलं. बिघडू शकणारी एक गोष्टच काढून टाकायची, हा विचार त्या लायब्ररीत आजही दिसतो.

पोस्टग्रेसचं मूळ वेगळं. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. पोस्टग्रेसक्यूएल हे नाव १९९६ मध्ये आलं. अनेक प्रोग्राम, अनेक माणसं, सगळे एकाच साठ्यावर एकाच वेळी काम करणार, हे तिथे पहिल्यापासून गृहीत आहे. सर्व्हर ५४३२ पोर्टवर ऐकत बसतो, प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उघडतो, कोणाला काय दिसावं आणि काय बदलता यावं याचे नियम पाळतो.

वाचताना

वाचनाच्या बाबतीत एसक्यूलाइटचा वेग पाहून नवखा माणूस चकित होतो. त्यात जादू काही नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, हा इथे त्याच प्रोसेसमधला फंक्शन कॉल असतो. नेटवर्कवरून जाऊन यायचं नसतं. पोस्टग्रेसला एका पानासाठी दोनशे छोट्या क्वेऱ्या पाठवल्या तर जाण्यायेण्यातच वेळ जातो, म्हणून आपण जॉइन लावतो, एकत्र आणतो, कॅश घालतो. एसक्यूलाइटमध्ये दोनशे क्वेऱ्या खपून जातात. एसक्यूलाइटचं स्वतःचं संकेतस्थळ एसक्यूलाइटच्याच फाइलीवर चालतं, आणि २०१५ च्या सुमारास ते दिवसाला ४ ते ५ लाख विनंत्या घेत होतं, त्यातल्या १५ ते २० टक्के डेटाबेसला हात लावणाऱ्या. तुमच्या पहिल्या वर्षाचा अंदाज या आकड्याशेजारी ठेवून बघा. आपल्यापैकी बहुतेकांची कामं याच्या आतच बसतात, आणि तरीही आपण दहापट मोठ्या गर्दीची तयारी करत बसतो.

लिहिताना

इथे मात्र फरक खरा आहे. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. २०१० मध्ये वॉल पद्धत आली, म्हणजे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहायचे. ती चालू केली की वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत, पण लिहिणारे दोन झाले की दुसऱ्याला थांबावंच लागतं. एरवी हे जाणवत नाही, कारण एक नोंद लिहायला मिलिसेकंदही पुष्कळ होतो. जाणवतं ते आपल्या कोडमधल्या निष्काळजीपणामुळे.

माझ्या एका कामात मागे चालणारा एक जॉब बाहेरच्या एपीआयकडून माहिती आणून साठवायचा. मी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल) उघडलं, पहिली नोंद लिहिली आणि त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत पुढच्या नोंदीसाठी एपीआयला विचारलं. एके रात्री ते एपीआय मंद झालं. ट्रान्झॅक्शन उघडंच, लिहिण्याचं कुलूप आमच्याच हातात, आणि वेबसाइटवर फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला 'डेटाबेस इज लॉक्ड'. लॉगमध्ये तीच ओळ शेकड्याने. उपाय साधे निघाले. नेटवर्कचं काम ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढलं. बिझी टाइमआउट, म्हणजे कुलूप सुटायची किती वाट पाहायची ती वेळ, पाच सेकंद केला. मूळ लायब्ररीत तो शून्य असतो, म्हणजे कुलूप दिसताच क्वेरी माघार घेते. आणि लिहिणारी ट्रान्झॅक्शनं 'बिगिन इमिजिएट'ने सुरू केली, म्हणजे लिहिण्याचं कुलूप सुरुवातीलाच घेतलं. आधी वाचून मग लिहायला गेलं आणि मधल्या वेळात दुसऱ्याने लिहून ठेवलं असेल, तर टाइमआउट कितीही ठेवला तरी एरर लगेच येते, म्हणून हे तिसरं पाऊल लागतंच. त्यानंतर तो त्रास पुन्हा झाला नाही.

पोस्टग्रेसमध्ये वेगवेगळ्या ओळींवर कितीही जण एकाच वेळी लिहू शकतात. लिहिणाऱ्यांची संख्या खरोखर मोठी असेल, किंवा दोन-तीन सर्व्हरवरून एकाच साठ्यात लिहायचं असेल, तर इथे विचार करायलाही थांबू नका. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून दोन यंत्रांनी वापरायची असा बेत मी एकदा ऐकला होता. तसं कधीही करू नका. वॉल पद्धत नेटवर्क ड्राइव्हवर चालतच नाही, आणि अशा ड्राइव्हवरच्या कुलपांवर भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती नसते.

चुका कोण पकडतो

या बाबतीत मी पूर्णपणे पोस्टग्रेसच्या बाजूचा आहे. पूर्णांकाच्या कॉलममध्ये मजकूर टाकायला गेलात तर पोस्टग्रेस जागच्या जागी अडवतो. एसक्यूलाइट तो मजकूर तसाच ठेवून घेते. आमच्याकडे रकमेच्या कॉलममध्ये एका फॉर्ममधून स्वल्पविरामासकट मजकूर शिरला. एरर आली नाही, बेरीज मात्र चुकली, आणि ते लक्षात आलं महिन्याच्या अहवालात, जेव्हा एका बाईंनी हाताने केलेला हिशेब आमच्या आकड्याशेजारी ठेवला. २०२१ मध्ये 'स्ट्रिक्ट', म्हणजे कॉलमचा प्रकार कडक पाळणारी टेबलं आली. ती वापरली की हे थांबतं, पण प्रत्येक टेबल बनवताना ते लिहायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागते. फॉरेन कीचंही (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या ज्या नोंदीकडे बोट दाखवते ती खरंच आहे ना, ही तपासणी) तसंच: जुना कोड मोडू नये म्हणून ती तपासणी आपोआप चालू नसते, प्रत्येक कनेक्शनवर चालू करावी लागते. विसरलात तर आईबापाविना नोंदी मागे राहतात. तारखेसाठी वेगळा प्रकारही नाही. मजकूर किंवा आकडा, काय ठेवायचं ते ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा.

टीममध्ये नवी माणसं येत-जात असतील तर हा मुद्दा वेगापेक्षा मोठा आहे. डेटा एकदा घाण झाला की कोड दुरुस्त करून तो साफ होत नाही.

सांभाळताना

पोस्टग्रेस चालवणं हे काम आहे, आणि त्या कामाला माणूस लागतो. ओळ बदलली की जुनी प्रत तिथेच राहते आणि ती मागाहून व्हॅक्यूम नावाचा सफाईवाला झाडून काढतो. तो आपोआप चालतो खरा, पण कुठेतरी एखादं ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडं राहिलं तर त्यालाही झाडता येत नाही आणि टेबल फुगत जातं. कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते. ॲपच्या प्रती वाढल्या की मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर, म्हणजे थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम, लागतो. दरवर्षी नवी मोठी आवृत्ती येते, प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि एकीवरून दुसरीवर जाताना डेटा फोल्डर तसंच्या तसं चालत नाही.

मला शिकवून गेलेला प्रसंग टेबलाची रचना बदलणाऱ्या एका साध्या 'ऑल्टर टेबल' आज्ञेचा. रिकामा चालेल असा एक कॉलम वाढवायचा होता, क्षणाचं काम. पण त्याच टेबलावर कुणाचातरी लांबलचक अहवाल चालू होता. माझ्या आज्ञेला पूर्ण कुलूप हवं होतं, म्हणून ती अहवालामागे रांगेत उभी राहिली. तिच्यामागे आलेली प्रत्येक साधी वाचनाची क्वेरीसुद्धा तिच्या मागे रांगेत लागली. पाहता पाहता सगळी कनेक्शनं भरली आणि साइट थांबली. सर्व्हरचा सीपीयू मात्र शांत, म्हणून मी पहिली काही मिनिटं भलतीकडेच शोधत होतो. शेवटी चालू क्वेऱ्यांची यादी काढली तेव्हा माझीच आज्ञा वाट पाहताना दिसली. ती रद्द केली आणि दोन सेकंदांत सगळं सुरळीत झालं. तेव्हापासून स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, बदलणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर मी लॉक टाइमआउट लिहितो, दोन-तीन सेकंदांचा. कुलूप नाही मिळालं तर माघार घे, मग पुन्हा प्रयत्न कर.

हे सगळं शिकता येतं. होस्ट केलेला पोस्टग्रेस घेतला तर बॅकअप आणि अपग्रेडचा बराच भार उतरतो. पण ही रांग होस्ट करणारा तुमच्यासाठी सोडवत नाही, आणि फुगलेलं टेबलही नाही.

एसक्यूलाइटमध्ये सांभाळण्यासारखं फारच कमी, पण बॅकअपच्या बाबतीत माणसं हमखास फसतात. एकच फाइल आहे ना, मग रोज रात्री कॉपी करू, असं वाटतं. वॉल पद्धतीत ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असतात. मुख्य फाइल तेवढी उचलली तर शेवटच्या नोंदी राहून जातात, आणि कॉपी चालू असताना कुणी लिहीत असेल तर प्रतच बिघडू शकते. 'व्हॅक्यूम इनटू' ही पूर्ण प्रत काढणारी आज्ञा किंवा लायब्ररीची स्वतःची बॅकअप सोय वापरा. लाइटस्ट्रीम नावाचं मुक्त साधन प्रत्येक बदल दुसरीकडे पाठवत राहतं. यंत्र गेलं तरी डेटा वाचतो. मात्र दुसरं यंत्र उभं करेपर्यंत साइट बंद राहणार. पोस्टग्रेसमध्ये तयार प्रत शेजारी उभी ठेवता येते आणि तिच्यावर काही सेकंदांत जाता येतं. तुमच्या वापरकर्त्यांना पंधरा मिनिटांची बंदी चालणार आहे का, हे खरंच त्यांना विचारा. माझ्या अनुभवात अनेकदा चालते. रुग्णांच्या नोंदी किंवा पैशांचे व्यवहार असतील तर चालत नाही.

मी काय निवडतो

एक सर्व्हर, एक-दोन प्रोग्रामर, रात्री बघायला वेगळं कुणी नाही: एसक्यूलाइट. अंतर्गत साधनं, छोटी उत्पादनं, ग्राहकाच्या यंत्रावर बसवायची सॉफ्टवेअरं, मोबाइल ॲप, या सगळ्यांत मी आता तिथूनच सुरुवात करतो आणि पहिल्याच दिवशी चार गोष्टी लावतो: वॉल, बिझी टाइमआउट, फॉरेन की, स्ट्रिक्ट टेबलं.

ॲपच्या एकापेक्षा जास्त प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर चालणार असतील, किंवा ॲपखेरीज दुसरं कुणी, अहवाल काढणारा सहकारी असो की दुसऱ्या टीमचा प्रोग्राम, थेट डेटाला हात लावणार असेल, तर पोस्टग्रेस. हा दुसरा मुद्दा लोक विसरतात. फाइल ज्या यंत्रावर आहे तिथे लॉगिन देणं आणि ठरावीक टेबलांवर फक्त वाचायची परवानगी देणं यांत फार अंतर आहे. नकाशाचा डेटा असेल तर पोस्टजीआयएस या पोस्टग्रेसच्या नकाशांसाठीच्या जोडणीसाठीही तिकडेच जा. आणि टीममध्ये पोस्टग्रेस मनापासून जाणणारा माणूस आधीच असेल, तर त्याचं ऐका. वर सांगितलेली रांग त्याला दिसण्याआधीच कळेल.

'आज एसक्यूलाइट, उद्या बदलू' म्हणणाऱ्यांना एक सांगतो. बदलता येतं, मी दोनदा केलंय. डेटा हलवायला एक दिवस पुरला. आठवडा गेला तो सैल प्रकारांमुळे शिरलेल्या नोंदी शोधण्यात, शून्य-एक ठेवलेले होय-नाही आणि तीन तऱ्हांनी लिहिलेल्या तारखा एका साच्यात आणण्यात. दुसऱ्या वेळी टेबलं पहिल्यापासून स्ट्रिक्ट होती, तेव्हा तेच काम दीड दिवसात उरकलं.

शेवटचं, टेस्टविषयी. प्रत्यक्षात पोस्टग्रेस आणि टेस्टमध्ये 'हलकं पडतं' म्हणून एसक्यूलाइट, अशी जोडी लावू नका. अक्षरांची तुलना, तारखा, कुलपं, प्रकारांची कडक तपासणी, सगळंच दोन्हीकडे वेगळं वागतं, आणि टेस्ट हिरव्या दिसत असताना बग पुढे निघून जातो. जो डेटाबेस प्रत्यक्षात लावणार, टेस्टही त्याच्यावरच चालवा, त्याच आवृत्तीवर.